होयबाला काय विचारायचं

माझ्या खोलीच्या दारावर मी एक पाटी लावली आहे : ‘कुठलं यंत्र, ते मी ठरवीन. तुम्हाला काय कळायला हवंय, तेवढं सांगा.’ पाटीला आता बरीच वर्षं झाली. ती वाचून आत आलेला माणूस मला अजून भेटायचा होता. सगळे घाईत येतात, चिठ्ठीवरच्या एखाद्या चौकोनात खूण करतात, नमुन्याची बाटली रांगेत ठेवतात आणि पळतात. खूण कुठल्या चौकोनात? तर शेजारच्या टेबलावरच्याने मागच्या वेळी केली होती त्यात.

मी डार्लीन ह्रिनचुक. हार्टवेलच्या विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात, रेणूंची वजनं करणारी यंत्रं माझ्या ताब्यात आहेत. मास-स्पेक म्हणतात त्यांना. वजन म्हटलं तरी तराजू वगैरे काही नाही. रेणूला विजेचा भार द्यायचा, निर्वात नळीतून पळवायचा आणि तो कसा पळतो त्यावरून त्याचं वजन ओळखायचं. भार द्यायच्या तऱ्हा अनेक, माझ्याकडे मुख्य दोन. एक फवारा. पदार्थ मिथेनॉलसारख्या द्रावकात विरघळवायचा आणि बारीक सुईतून उडवायचा. हे हळुवार काम, रेणू बहुधा अख्खा राहतो. दुसऱ्या तऱ्हेला आम्ही हातोडा म्हणतो. तिथे द्रावक लागत नाही. पदार्थ तापवून त्याची वाफ करायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉन हाणायचे. रेणूचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांवरून मूळ रेणू ताडायचा. कुणाला फवारा आणि कुणाला हातोडा, हे ठरवणं हीच खरी विद्या. बटणं काय, कुणीही दाबतं.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

तर गोष्ट फेब्रुवारीतली. इंजिन गरम राहावं म्हणून गाडी रात्रभर विजेच्या वायरीला जोडून ठेवली नाही तर सकाळी ढिम्म हलत नाही, असे दिवस. मी बूट बदलून कॉफी ओतत होते, तेवढ्यात मॅरन इज्बिस्टर आत आली. ही लीलँड रोसकँपची पीएचडीची विद्यार्थिनी, उत्तरेकडच्या ला राँजची. एरवी जिन्यातच तिचा आवाज ऐकू येतो. त्या दिवशी मात्र पार्काची, त्या जाड हिवाळी कोटाची, टोपीसुद्धा न काढता ती दारात उभी राहिली. हातात डबा होता.

“डार्लीन, मफिन आणलेत. सस्काटून बेरीचे. आईने पाठवल्या होत्या बेरी.”

“काय हवंय?”

“काही नाही, असंच.”

“मॅरन, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. तो पार्का काढ, बस आणि बोल.”

तिने पार्का काढला नाही. खिशातून बोटाएवढी काचेची बाटली काढली आणि डब्याशेजारी ठेवली. “एवढं हातोड्यावर लावायचंय. आजच. तीनच्या आत.”

“तीनला काय आहे?”

“माझी पीएचडीची कमिटी.” आणि मग तिचा बांध फुटला. चार वर्षं ती एक रिंग बांधत होती. सगळ्यात शेवटची पायरी अशी, की एक लांब, उघडा रेणू स्वतःचंच शेपूट पकडतो आणि रिंग होते. रिंग होताना तो मिथेनॉलचा एक रेणू बाहेर टाकतो. मिथेनॉलचं वजन बत्तीस. म्हणजे रिंग झाली, की वजन बत्तीसने उतरायला हवं. आदल्या दिवशी फवाऱ्याचा निकाल आला होता. वजन गुंजभरही उतरलं नव्हतं. शेवटच्या पायरीआधी जेवढं होतं, तेवढंच.

“लीलँड काय म्हणाला?”

“म्हणाले, वजन जुनंच आहे, म्हणजे पदार्थ जुनाच आहे. रिंग झालेलीच नाही. आज कमिटीला सांगणार आहेत, की हिला मास्टर्स देऊन मोकळी करू. माझं काम नव्या माणसाला देणार. डार्लीन, माझा ब्रेंट होणार.”

ब्रेंट फ्रीसन तिच्या आधी त्याच रिंगच्या मागे होता. अगदी ह्याच पायरीवर अडकला, मास्टर्स घेऊन गेला, आणि आता स्विफ्ट करंट गावाजवळ काकाकडे खतं विकतो. मुलगा हुशार होता. अजून नाताळला मला कार्ड पाठवतो.

“बरं,” मी म्हटलं, “तुला काय कळायला हवंय?”

“रिंग झालीय, हे दाखवायचंय.”

“दाखवायचं काय ते मागाहून. कळायला काय हवंय?”

तिने माझ्याकडे रागाने बघितलं. “रिंग झालीच आहे! दुसऱ्या यंत्रावरच्या चित्रात मला दिसतेय ती. पण लीलँड म्हणतात चित्र गढूळ आहे, त्यातून काहीही वाचता येईल, वजन खोटं बोलत नाही. म्हणून हातोडा. हातोड्यावर बत्तीस उतरलेलं दिसेल, मला खात्री आहे.”

“मलाही खात्री आहे. म्हणूनच नाही लावणार.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा त्यांच्याच बाजूच्या!”

“आवाज खाली. मी कुणाच्या बाजूची असते तर एव्हाना प्रोफेसर झाले असते. तुझा जुना पदार्थ आहे का शिल्लक? रिंग व्हायच्या आधीचा?”

“बरणीभर आहे.”

“जा, घेऊन ये.”

ती धडाधड जिना चढून गेली. तेवढ्यात मी एक मफिन खाल्लं. चांगलं होतं. ती परत आल्यावर जुन्या पदार्थाचा कण हातोड्याच्या टोकावर ठेवला, तापवला, आणि पडदा तिच्याकडे वळवला. “वाच.”

तिने वाचलं. मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचलं. जुना पदार्थ, ज्यात रिंग असणं शक्यच नव्हतं, तो बत्तीसने उतरला होता. चांगली ठसठशीत रेघ.

“हे असं कसं?”

“तापवल्यावर तोही मिथेनॉल टाकतो. तुझी रिंग असो नसो, हातोडा बत्तीस उतरवूनच दाखवणार. हा होयबा आहे, मॅरन. होयबाला विचारून काय मिळणार? तू हा कागद घेऊन तीनला गेली असतीस, तर लीलँडने दोन मिनिटांत फाडला असता. आडमुठा आहे तो, पण मूर्ख नाही.”

तिचा चेहरा उतरला. एवढा वेळ ती ज्या फांदीला धरून होती ती मीच कापली होती. ती खाली बसली, स्वतःच आणलेल्या डब्यातलं मफिन घेतलं आणि ते हातात धरून रडायला लागली. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. मला लगेच भरून येतं, आणि मग मी खेकसते.

“पुरे! डोळे पूस. कालच्या फवाऱ्याच्या चिठ्ठीवर द्रावक कोणता लिहिलास?”

“मिथेनॉल. आमच्या लॅबमध्ये सगळे मिथेनॉलच लिहितात.”

“का?”

“का म्हणजे... सगळे लिहितात म्हणून.”

“आणि बाटली रांगेत कधीपासून होती?”

“परवा दुपारपासून. रांग मोठी होती. काल सकाळी नंबर लागला.”

“तुझी ती रिंग कशी आहे गं स्वभावाने?”

“ताठ. फार ताण असतो तिच्यात. कुणी नुसतं बोट लावलं तरी उघडायला टपलेली—” आणि ती थांबली. मफिन डब्यात परत गेलं. “मिथेनॉलने उघडेल.”

“आणि उघडताना?”

“तेच मिथेनॉल पोटात घेईल. बत्तीस परत. जुनाच पदार्थ, हुबेहूब!” ती उठून उभी राहिली. “मी चार वर्षं खपून त्या मिथेनॉलला बाहेर काढलं, आणि रात्रभर रिंगला त्याच्यातच बुडवून ठेवलं?”

“हाकलून दिलेल्या जावयाला रात्री अख्खं घर बहाल करायचं आणि सकाळी विचारायचं, हा अजून इथेच कसा?”

ती हसली, पहिल्यांदाच. पण मला तिला हवेत जाऊ द्यायचं नव्हतं. “किंवा,” मी म्हटलं, “रिंग झालीच नसेल. लीलँडचं बरोबर असेल. कालचा आकडा दोन्हींचा सारखाच.”

“मग मिथेनॉल टाळू. अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवू, त्याने रिंग उघडत नाही. हळुवार फवारा. बत्तीस उतरलेलं दिसलं, की झालं!”

“दिसेलही. आणि लीलँड म्हणेल, पदार्थ जुनाच, मिथेनॉल यंत्राच्या तोंडाशी गळून पडलं, हातोड्यावर पडलं तसं. फवाऱ्यातही थोडं गळतंच. त्याला तेवढी फट पुरते. तुम्ही भांडत बसाल, आणि त्यात आणखी सहा महिने जातील.”

“सहा महिने तरी मिळतील,” ती हळूच म्हणाली.

“मिळतील. हवे असतील तर आत्ता लावते. खरंच लावते. नमुना तुझा आहे.”

मी मुद्दाम उठले. कॉफीचा कप विसळला. ती बाटली हातात फिरवत होती. तळाशी पांढरी पूड होती, मिठाच्या चिमटीएवढी.

“दुसरं काय करता येईल?” तिने विचारलं.

“तुला ‘नाही’ म्हणू शकेल असा प्रयोग.”

मी कपाटातून जड मिथेनॉलची कुपी काढली. त्यातले चारही हायड्रोजन जड जातीचे असतात, प्रत्येक साध्यापेक्षा एकाने जड. वागणं, वास, सगळं साध्या मिथेनॉलसारखं. फक्त वजन बत्तीस नाही, छत्तीस. मी तिला समजावलं नाही, तिला ते माझ्याइतकंच येत होतं. तिने खडू घेऊन माझ्या फळ्यावर स्वतःच मांडलं. रिंग खरी असेल तर ती जड मिथेनॉल गिळून उघडेल, आणि रिंगच्या वजनावर छत्तीस चढतील. रिंग झालीच नसेल, तर रेणूच्या अंगावर त्याचं जुनं, साधं मिथेनॉल असेल. एक सैल हायड्रोजन तेवढा बदलून जड येईल. बत्तीस आणि एक, तेहतीस.

“छत्तीस आलं तर रिंग होती,” ती म्हणाली.

“आणि तेहतीस आलं?”

“तर नव्हती.” तिने खडू खाली ठेवला.

“मग कुठलंही यंत्र तुला वाचवणार नाही. मीही नाही. सहा महिनेही नाहीत.”

ती फळ्याकडे बघत राहिली. बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू व्हायला कुरकुरत होती. ती सुरू झाली तेव्हा मॅरनने शेवटी पार्का काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. “जड मिथेनॉल,” ती म्हणाली.

मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की मी तिच्यावर ओरडलेच, “मग बघत काय बसलीस? दोन बाटल्या घे! जुना पदार्थही भिजवायचा, शेजारी, तेवढाच वेळ. नाहीतर तुझा लीलँड विचारेल, जुन्यानेच आपलं साधं मिथेनॉल देऊन जड घेतलं नसेल कशावरून?”

दोन्ही बाटल्या भिजत ठेवल्या आणि जेवणाची सुट्टी झाली. मी घरच्या पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, गरम केल्या. मॅरनने एकीलाही हात लावला नाही. ती बाटल्यांसमोर अशी बसली होती, की जणू उतू जाणारं दूध बघतेय. तेवढ्यात स्वतः लीलँड रोसकँप खाली आला. मोठा उंच माणूस, आमच्या छताखाली त्याला वाकावं लागतं. तो आणि मी गेली कित्येक वर्षं एकाच कर्लिंगच्या संघात खेळतो. बर्फावर दगड कसा सोडायचा हे त्याला मी सांगते, आणि तो ऐकत नाही.

“डार्लीन,” तो म्हणाला, “माझ्या विद्यार्थिनीला खोटी आशा लावू नकोस. तिलाच त्रास होईल.”

“आशा वरच्या मजल्यावर मिळते. इथे वजनं मिळतात.”

“वजन कालच मिळालंय.”

“कालच्या वजनाने तू विचारलंस तेवढंच सांगितलं. फळा वाच.”

त्याने फळा वाचला. वाचताना त्याच्या कपाळावर आठी पडली, मग ती गेली. माणूस आडमुठा असला तरी रसायनशास्त्र त्याच्या हाडात आहे. “जुना पदार्थही ठेवलाय शेजारी?”

“ठेवलाय.”

तो मॅरनकडे वळला. “आणि तेहतीस आलं तर?”

“तर कमिटीला मीच सांगेन,” मॅरन म्हणाली. “तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.”

लीलँडला वर वर्ग होता की मीटिंग, कोण जाणे. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला.

आधी जुना पदार्थ लावला. तेहतीस. अपेक्षेप्रमाणे. जुन्याने आपलं साधं मिथेनॉल घट्ट धरून ठेवलं होतं, जडशी अदलाबदल केली नव्हती. लीलँडने मान हलवली. त्याची पळवाट बुजली, आणि तिचीही.

मग मी सुई धुतली, पुन्हा धुतली, आणि खुर्चीवरून उठले. “ये. तू लाव.”

“मला नाही जमणार.”

“जमेल. बटणं काय, कुणीही दाबतं.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर आधी नेहमीचं गवत उगवलं, बारीक बारीक निरर्थक रेघा. मग एक रेघ वर चढायला लागली आणि चढतच राहिली. आम्ही तिघंही आकड्याकडे वाकलो. लीलँडचं डोकं दिव्याला आपटलं.

छत्तीस.

तेहतीसच्या जागी काही नव्हतं, आमच्या हिवाळ्यातल्या शेतासारखं सपाट. आणि डावीकडे, पार खाली, अजून न उघडलेल्या रिंगची स्वतःची एक बारकी रेघ उभी होती. मॅरनने तिच्यावर बोट ठेवलं, काचेवरच, आणि बोट काढेना. “ही मी आहे,” ती म्हणाली. काय बोलतेय हे तिला कळत नव्हतं. मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. ह्या वेळी खेकसण्यात अर्थ नव्हता.

लीलँडने आपटलेलं डोकं चोळलं. मग त्याने हात पुढे केला. “चुकलो. तीनला तूच बोल. मी फक्त बसेन.” मॅरनने दोन्ही कागद छापले, पार्का विसरली, आणि जिन्यात तिचा आवाज पुन्हा ऐकू आला. आईला फोन करत होती.

लीलँड तिच्या मागून निघाला आणि दाराशी थांबला. “सगळी लॅब मिथेनॉल लिहिते,” तो म्हणाला. “मीच शिकवलं.”

“तीन वाजत आलेत, लीलँड.”

“हो,” तो म्हणाला, आणि गेला.

कमिटी छान झाली, असं मला लोकांनी पाच वेळा येऊन सांगितलं. त्यातली तीन वेळा सांगणारी मॅरनच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा माझ्या दाराबाहेर लीलँड उभा होता. अंगावर कोट, दाढी न केलेली. हातमोज्यात काचेची एक बाटली होती, बर्फाने पांढरी झालेली. लेबलावर अक्षर त्याचं नव्हतं. ते तिरकं, बारीक अक्षर मी दर नाताळला कार्डावर बघते.

“फ्रीझरच्या तळाशी होती, पूड कोरडीच आहे,” तो म्हणाला. “ब्रेंटचाही आकडा जुनाच आला होता.”

“आठवतंय मला.”

मी दार उघडलं, दिवे लावले आणि त्याच्यासमोर चिठ्ठी सरकवली. त्याने पेन काढलं. इतक्या वर्षांत त्याने स्वतः चिठ्ठी भरलेली मी पाहिली नव्हती, नेहमी पोरांना पाठवतो. पेन चौकोनांवरून एकदा फिरलं, पुन्हा फिरलं, आणि कुठेच टेकलं नाही. मग त्याने मान वर केली. उघड्या दारावर माझी पाटी होती. त्याने ती सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

“मला कळायला हवंय,” तो म्हणाला, “की त्या मुलाला मी उगाच घालवलं का.”

मी त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. मग बाटली उचलली, ती अजून इतकी गार होती की बोटांना चिकटली.

“कोट काढ आणि बस,” मी म्हटलं. “जड मिथेनॉल उरलंय थोडं.”